प्रूफ नाणी ग्रेडिंगला पाठवावीत का?

नाणेसंग्रह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सोलापुरातील एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो असून होटगी रस्त्यावर राहतो. नोकरीच्या काळात मुंबईच्या टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करून मी स्मारक नाण्यांचे प्रूफ संच, म्हणजे आरशासारख्या चकाकीने खास पाडलेल्या नाण्यांचे संच, घेत आलो. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे वडिलांकडून आले आहे. त्याखेरीज १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे शंभर रुपयांचे, २०१० चे बृहदीश्वर मंदिराचे हजार रुपयांचे, डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीवर्षाचे सव्वाशे रुपयांचे आणि २०२३ चे नव्या संसद भवनाचे पंचाहत्तर रुपयांचे अशी चांदीची नाणी आहेत. पुण्यातील पुतण्या म्हणतो की ही सगळी परदेशी संस्थेकडे ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची पारख करून दर्जाचा आकडा घ्यायला, पाठवावीत, म्हणजे किंमत दुपटीने वाढेल. आपला सल्ला काय?

उत्तर : सगळी पाठवू नयेत. आपल्या यादीतील एक, फार तर दोन नाणी विचार करण्याजोगी आहेत, आणि तीही भिंगाखाली नीट पाहिल्यानंतरच. उरलेली नाणी टांकसाळीच्या मूळ वेष्टनात आहेत तशीच राहिली तर त्यांचे मोल अधिक टिकेल.

शुल्क भरून आपल्याला काय मिळते, ते आधी पाहू. संस्था नाणे अस्सल आहे की नाही याविषयी आपला निर्वाळा देते, त्याच्या स्थितीला आकडा देते आणि ते पारदर्शक कठीण प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत ‘स्लॅब’मध्ये, बंद करून त्यावर क्रमांक घालते. जगभरच्या बाजारात ज्यांच्या आकड्याला सर्वाधिक मान आहे अशा दोन संस्था अमेरिकेतल्या आहेत : १९८६ साली सुरू झालेली पीसीजीएस आणि १९८७ साली सुरू झालेली एनजीसी. दोन्ही संस्था १ ते ७० हीच मोजपट्टी वापरतात. तिचे मूळ विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंट नाण्यांसाठी मांडलेल्या पद्धतीत आहे. प्रूफ नाण्याच्या आकड्याआधी एनजीसी ‘पीएफ’ आणि पीसीजीएस ‘पीआर’ ही अक्षरे लावते.

प्रूफ नाणे चकाकी दिलेल्या कोऱ्या चकतीवर, आरशासारख्या घोटलेल्या ठशांनी, सावकाश आणि एकाहून अधिक वेळा दाब देऊन पाडलेले असते. ते पुढे खराब झाले तरी प्रूफच राहते, म्हणून त्याचा आकडा ६० च्या खालीही जाऊ शकतो. पाचपट भिंगातून पाहिल्यावर टांकसाळीबाहेर पडल्यानंतरचा एकही दोष दिसला नाही, तर ७० हा आकडा मिळतो. जेमतेम जाणवेल असा बारीकसा दोष असला तर ६९. यासोबत चित्राचा भाग दुधी, खरबरीत आणि पार्श्वभूमी काळीभोर आरशासारखी दिसत असेल, तर ‘कॅमिओ’ आणि हा फरक फारच ठळक असेल तर ‘अल्ट्रा कॅमिओ’ किंवा ‘डीप कॅमिओ’ असा शेराही लेबलावर येतो. ठशावरचा हा खरबरीतपणा प्रत्येक दाबासरशी थोडा थोडा झिजत जातो, त्यामुळे जुन्या काळच्या प्रूफ नाण्यांत ठळक कॅमिओ सगळ्याच नगांवर सापडत नाही. म्हणूनच जुन्या नाण्यावर तो असणे ही मोलाची गोष्ट ठरते.

अलीकडच्या प्रूफ नाण्यांची अडचण इथेच आहे. आजची यंत्रे इतकी सफाईदार आहेत, की टांकसाळीतून थेट आलेली बहुतेक नाणी ६९ किंवा ७० च मिळवतात. अमेरिकेच्या ‘सिल्व्हर ईगल’ प्रूफ नाण्यांच्या बाबतीत हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे ६९ चा आकडा मिळालेले नाणे साध्या वेष्टनातल्या नाण्याहून जेमतेम थोडे महाग विकले जाते आणि ग्रेडिंगचा खर्चही पुष्कळदा भरून निघत नाही. सगळा नफा ७० वर येऊन थांबतो, आणि ६९ व ७० यांमधला फरक घरी बसून ओळखणे अनुभवी संग्राहकालाही जड जाते.

पुतण्याच्या ‘दुप्पट किंमत’ या म्हणण्याची परीक्षा हिशेबाने करावी. उदाहरणादाखल धरू, की एखादे नाणे आज बाजारात ५,००० रुपयांना सहज विकले जाते आणि ग्रेडिंगचे शुल्क, मध्यस्थ विक्रेत्याचा मोबदला, जाण्यायेण्याचा खर्च, विमा व कर मिळून त्यामागे ४,००० रुपये पडतात. म्हणजे ते नाणे आपल्याला ९,००० रुपयांना पडले. अशी चार नाणी पाठवली तर गुंतवणूक ३६,००० रुपयांची झाली. त्यांपैकी तीन ६९ होऊन आली आणि प्रत्येकी ५,५०० रुपयांना गेली, तर हाती १६,५०० रुपये येतात. मग नुसता खर्च भरून निघण्यासाठी ७० मिळालेले एकुलते एक नाणे १९,५०० रुपयांना विकले गेले पाहिजे, आणि लिलावातून विकल्यास लिलावगृहाची दलाली त्यातून आणखी वजा होते. आपण प्रत्यक्ष चौकशी करून स्वतःचे आकडे या हिशेबात घालावेत, आणि ७० मिळेलच असे कोणत्याही नाण्याबाबत गृहीत धरू नये.

भारतीय संचांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडचा ग्राहक प्रूफ संच विकत घेताना आधी वेष्टन पाहतो. टांकसाळीची घडीची पेटी, माहितीपत्रक, संचातली सगळी नाणी एकत्र आणि कॅप्सूल, म्हणजे प्रत्येक नाण्याची पारदर्शक डबी, न उघडलेली असेल, तर त्याचा विश्वास बसतो. ग्रेडिंगसाठी नाणे त्या वेष्टनातून काढावेच लागते. दोन नाण्यांच्या संचातले चांदीचे नाणे स्लॅबमध्ये गेले की उरलेले दहा रुपयांचे नाणे आणि रिकामी पेटी यांना स्वतंत्र गिऱ्हाईक मिळत नाही, आणि नाणे ६९ होऊन परत आले तर संच पुन्हा पूर्वीसारखा जुळवता येत नाही. सोलापूर, पुणे, मुंबई इथल्या संग्राहकांनाच पुढेमागे विक्री करायची असेल, तर केवळ या एका कारणासाठी अलीकडचे संच फोडू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

आता आपल्या नाण्यांविषयी. गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे आणि ८० टक्के चांदीचे आहे, म्हणजे त्यात १२ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. ही नाणी सर्वसाधारण वितरणासाठीही मोठ्या संख्येने पाडली गेली होती, आणि त्यांपैकी एखादे चकचकीत नाणे प्रूफ म्हणून खपवले जाण्याचा धोका कायम असतो. त्यामुळे आपले नाणे खरोखर प्रूफ आहे का, हे प्रथम तपासावे. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर १९६९ पासून इंग्रजी ‘बी’ हे अक्षर असे, आणि शहराचे नाव मुंबई झाल्यावर १९९६ पासून त्या जागी ‘एम’ आले. सर्वसाधारण वितरणाच्या नाण्यांवर ही अक्षरे नसतात. अक्षर असेल, आरसा शाबूत असेल आणि गांधीजींच्या मुखाभोवतीच्या मोकळ्या जागेत पुसल्याच्या बारीक रेघा नसतील, तर हे नाणे ग्रेडिंगला पाठवण्यास मी मनापासून अनुमोदन देईन. पन्नासाहून अधिक वर्षे अनेक हातांतून गेलेल्या या नाण्यांत निर्दोष नग दुर्मीळ झाले आहेत, आणि ‘हे प्रूफच आहे’ या निर्वाळ्याची गरज जितकी या नाण्याला आहे तितकी आपल्या इतर कोणत्याही नाण्याला नाही.

आशियाई क्रीडा स्पर्धांचे शंभर रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आहे, पण त्यातली चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. उरलेल्यात मुख्यतः तांबे आहे. तांब्याच्या या मोठ्या प्रमाणामुळे अशा नाण्यांवर तपकिरी ठिपके आणि धूसर पुट लवकर धरते. आपले नाणे अजून स्वच्छ असेल तर ते दुसरे उमेदवार समजावे. ठिपके असतील तर पाठवू नये, कारण आकडा घसरेल. नाणे स्लॅबमध्ये बंद केल्यावरही ठिपके वाढू शकतात, कारण ती डबी पूर्णपणे हवाबंद नसते, आणि अशा नंतरच्या रंगबदलाची जबाबदारी संस्थांच्या हमीत सहसा येत नाही.

बृहदीश्वर मंदिराच्या हजार रुपयांच्या नाण्यात ८० टक्के, म्हणजे २८ ग्रॅम चांदी आहे आणि त्याला मागणीही चांगली आहे, परंतु ती मागणी पेटीसह असलेल्या नाण्याला आहे. ते परदेशातील लिलावात विकण्याचा निश्चित बेत असेल तरच ग्रेडिंगचा विचार करावा. सव्वाशे आणि पंचाहत्तर रुपयांची नाणी घरीच असू द्यावीत.

भिंगाखाली पाहण्याची रीत थोडी सविस्तर सांगतो, कारण निर्णयाचा पाया तोच आहे. ट्यूबलाइटच्या पसरलेल्या उजेडात बारीक रेघा दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत एकच टेबललॅम्प लावावा, नाणे कॅप्सूलसकट दिव्याखाली धरावे आणि हळूहळू सर्व बाजूंनी कलते करीत जावे. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग पाचपट आणि शेवटी दहापट भिंगाने पाहावे. मुखचित्राच्या समोरची मोकळी जागा सर्वांत आधी तपासावी, कारण परीक्षकाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. रेघ नाण्यावर आहे की कॅप्सूलवर, अशी शंका आली तर कॅप्सूल हलकेच फिरवून नाणे त्यात सरकते का ते पाहावे. नाणे जागचे हलले आणि रेघ तिथेच राहिली तर ती कॅप्सूलची. दुसरी बाजू आणि कडाही तितक्याच काळजीने पाहाव्यात. पाचपट भिंगातून एकही ठिपका, रेघ किंवा बोटाचा ठसा दिसला, तर ७० ची आशा सोडून ६९ किंवा त्याखालच्या आकड्याच्या बाजारभावावर हिशेब करावा.

पुतण्याने ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’चा, म्हणजे कोणत्या नाण्याचे किती नग कोणत्या आकड्यात स्लॅब झाले याच्या यादीचा, दाखला दिला असेल तर तोही सावधपणे वाचावा. भारतीय प्रूफ नाणी मुळातच फार थोड्या संख्येने पाठवली जातात. त्यामुळे ७० च्या रकान्यात ‘दोन’ किंवा ‘तीन’ असे लिहिलेले असले, तरी त्यावरून नाणे दुर्मीळ ठरत नाही. शेकडो घरांत पेट्यांमध्ये तितकीच चांगली नाणी पडून असतात आणि ती एकदा पाठवली जाऊ लागली की तो रकाना भरत जातो. त्या आकड्यावर विसंबून चढा भाव देणाऱ्याचे यात नुकसान होते.

पाठवायचे ठरलेच, तर भारतातून बहुधा अधिकृत विक्रेत्यामार्फत पाठवणी होते. त्याच्याकडून नाण्याचे वर्णन, छायाचित्रे, जाहीर केलेली किंमत आणि विम्याची रक्कम लेखी घ्यावी. सोलापूरहून कुरिअरने पाठवण्यापेक्षा मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनात किंवा विक्रेत्याच्या दुकानात स्वतः नेऊन देणे बरे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते आणि नाणे आपल्या डोळ्यांसमोर मोजून दिले जाते. वडिलांच्या संग्रहात संस्थानी किंवा राणी छापाची नाणी असतील तर ती या पार्सलमध्ये चुकूनही घालू नयेत. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार देशाबाहेर नेण्यास मनाई आहे.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचे प्रूफ संच माझ्याकडे आले. आई ते लोखंडी कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये, डांबराच्या गोळ्यांसह ठेवत असे. आता काही नाण्यांवर दुधी पुट आहे, दोन नाण्यांना हिरवट चिकटपणा आहे. सराफ बाजारातील आमचे नेहमीचे सराफ रिठ्याच्या पाण्याने उजळून देतो म्हणतात. उजळून मग ग्रेडिंगला पाठवावीत का? (वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : कृपया उजळून घेऊ नयेत. रिठ्याचे पाणी पैंजणांना आणि देवाच्या भांड्यांना उत्तम आहे, पण त्यासोबत येणारे ब्रशचे किंवा फडक्याचे घासणे प्रूफ नाण्याचा आरसा कायमचा घालवते. त्या घासण्याने केसासारख्या शेकडो समांतर रेघा उमटतात, आणि परीक्षक दिव्याखाली नाणे कलते करताच त्या एका क्षणात दिसतात. अशा नाण्याला आकडा मिळत नाही, ‘साफ केलेले’ असा शेरा मात्र मिळतो, आणि तो पाहून ग्राहक पाठ फिरवतो. पुट असलेले पण न घासलेले नाणे त्यापेक्षा केव्हाही अधिक मोलाचे.

हिरवट चिकटपणा बहुधा मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे आला आहे. ते प्लॅस्टिक काळाच्या ओघात आम्लधर्मी द्रव्य सोडते आणि धातू खाऊ लागते, म्हणून ही दोन नाणी आजच त्या पाकिटांतून बाहेर काढावीत. प्रयोगशाळेसाठी मिळणारे शुद्ध ॲसिटोन काचेच्या भांड्यात घेऊन नाणे त्यात काही मिनिटे बुडवून ठेवावे, चिमट्याने केवळ कडा धरून बाहेर काढावे, ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा बुडवावे आणि न पुसता हवेवर वाळू द्यावे. नखांचे पॉलिश काढण्याच्या द्रावणात रंग व तेल असते, ते वापरू नये. ॲसिटोन झटकन पेट घेते, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात किंवा देवघरातल्या दिव्याजवळ करू नये, खिडकी उघडी ठेवावी. ॲसिटोनने चिकटपणा निघतो, धातूवर झालेली झीज मात्र भरून येत नाही. दुधी पुटाला हात लावू नये. नाणे खरोखर मौल्यवान असेल तर ग्रेडिंग संस्थांकडे जतनाची स्वतंत्र सेवा असते, तिथे आधी मत घ्यावे.

साठवणीविषयी तितकेच आग्रहाने सांगतो. आपल्या सोलापूरची कोरडी हवा चांदीला एरवी अनुकूल आहे. तिला काळवंडवणारा गंधक पुष्कळदा कपाटातल्या वस्तूंतूनच येतो : लोकरीचे कपडे, रबर बँड, हलक्या प्रतीचा पुठ्ठा. डांबराच्या गोळ्याही नाण्यांजवळ असू नयेत. नाणी मूळ कॅप्सूलमध्ये, कपड्यांपासून वेगळ्या खणात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पावसाळ्याआधी त्या पुड्या बदलाव्यात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून ते कपाट ठेवू नये.

ज्या नाण्यांवर पुट नाही आणि जी घासलेली नाहीत अशी किती उरतात, ते वर सांगितलेल्या रीतीने पाहावे आणि त्यांचाच विचार ग्रेडिंगसाठी करावा.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. भारतीय प्रूफ नाण्याचा पीएफ ७० स्लॅब घ्यावा की त्याच नाण्याचा पीएफ ६९ स्लॅब? दोहोंच्या भावात तिपटीचे अंतर आहे. लेबलावर ‘अर्ली रिलीज’ असेही आहे. (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ६९ घ्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे मूळ पेटीतला न फोडलेला संच घ्यावा. नुसत्या डोळ्यांनी ६९ आणि ७० यांत आपल्याला फरक दिसणार नाही, आणि तिप्पट दाम देऊन घेतलेल्या ७० वर पुढे ठिपका उमटला तर ते दाम परत येणार नाहीत. ‘अर्ली रिलीज’ याचा अर्थ नाणे बाजारात आल्यानंतर ठरावीक मुदतीत, साधारणतः पहिल्या तीस दिवसांत, संस्थेकडे किंवा तिने मान्य केलेल्या ठिकाणी पोहोचले, इतकाच आहे. नव्या ठशाने पाडलेले पहिले नाणे असा त्याचा अर्थ नाही. त्या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

स्लॅबसुद्धा बनावट निघतात. पैसे देण्यापूर्वी लेबलावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून नाण्याचे वर्ष, मूल्य आणि आकडा जुळतो का ते पाहावे. बनावट स्लॅबवर खऱ्या स्लॅबचाच क्रमांक छापलेला असू शकतो, म्हणून तिथे छायाचित्र उपलब्ध असल्यास टोनिंगची, म्हणजे काळाच्या ओघात धातूवर आलेल्या रंगछटेची, आणि ठिपक्यांची जागा आपल्या हातातल्या नाण्याशी एकेक करून ताडून पाहावी. ती जुळत नसेल तर विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी व्यवहार करू नये.